वाचकालाच तोतया पकडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीने कोकणातल्या शाळकरी मुलांसाठी चित्रकथा स्पर्धा जाहीर केली आहे. किनाऱ्यावरच्या एका गावाचा सुपरहिरो आणि त्याचे सोंग घेऊन गावात शिरलेला तोतया, असा विषय आहे. रंगीत आठ पाने, आणि गोष्ट अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही घडलेली चालेल. विषय फार चांगला आहे. तो वाया जाऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहोत. सोबतच्या सूचनांमधल्या दोन सूचना जशाच्या तशा पाळल्या तर हुशार मुलांच्याही गोष्टी फसतील. एक सूचना अशी की खऱ्या आणि खोट्या नायकाच्या पोशाखाच्या रंगात थोडा फरक ठेवावा. दुसरी अशी की शेवटच्या पानापर्यंत तोतयाचे बिंग वाचकाला कळू देऊ नये. या दोन्ही सूचना बदलाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रंगाची अडचण छपाईतली आहे. वर्तमानपत्राचा कागद ४५ ग्रॅमच्या आसपासचा, पातळ आणि शाई पिणारा असतो. त्यावर रंगाचा ठिपका पडला की पसरतो. मूळ चित्रात ५० टक्के दिलेला निळा कागदावर पंचाहत्तरच्या घरात जातो. म्हणजे मुलाने खऱ्याला निळा आणि तोतयाला जरा गडद निळा दिला, तर छापून आल्यावर दोघेही सारखेच गडद दिसणार. त्यातच चार रंगांच्या चार प्लेटा असतात. त्यातली एखादी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी पट्ट्याची बारीक पिवळी कड काही प्रतींत दिसते आणि काही प्रतींत नाहीशी होते. रत्नागिरीच्या वाचकाला खूण दिसली आणि सावंतवाडीच्या वाचकाला दिसलीच नाही, तर ती खूण काय कामाची?

मोठमोठ्या प्रकाशकांनाही हा त्रास चुकलेला नाही. मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता. छापताना तो राखाडी रंग पानोपानी वेगळा उमटला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. फँटम हा मुखवटाधारी नायक १९३६ साली वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत काळ्या-पांढऱ्यात आला. पुढे रंगीत रविवार पानांवर त्याचा पोशाख जांभळा झाला, स्वीडनमध्ये निळा आणि इटलीत लाल. एवढे रंग बदलूनही तो कुठल्याच वाचकाला परका वाटला नाही, कारण त्याची ओळख रंगात नव्हतीच. घट्ट टोपडे, बुबुळे न दिसणारा मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले आणि हातांतल्या दोन अंगठ्या ही त्याची ओळख. आणि हे सगळे काळ्या रेषेत काढता येते.

त्या अंगठ्यांकडे मुलांनी जरूर पाहावे. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे घरोघरी पोचला, आणि मराठीत त्याला वेताळ म्हणूनच ओळखतात. त्याच्या उजव्या हातात कवटीची अंगठी असते. ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटी उमटते. डाव्या हातात शुभचिन्हाची अंगठी असते, ती संरक्षण दिलेल्या माणसासाठी. आता समजा एखाद्या तोतयाने पोशाख हुबेहूब शिवून घेतला, अंगठ्याही घडवल्या, पण त्या उलट्या हातांत घातल्या. पोशाखात, चेहऱ्यात, रंगात काडीचाही फरक नाही. तरी नेहमीचा वाचक त्याला एका फ्रेममध्ये ओळखेल, आणि गोष्टीतल्या कुणालाही ते लक्षात आलेले नसेल. खूण अशी हवी. ती काळ्या प्लेटवर छापली जाते, लहान असते, आणि आधी दाखवलेली असते.

हे आधी दाखवणे फार महत्त्वाचे आहे. खूण तीनदा यावी. पहिल्या पानावर ती खऱ्या नायकाची सवय म्हणून यावी आणि त्या वेळी तिच्याकडे कुणी बोट दाखवू नये. दुसऱ्यांदा ती मोडलेली दिसावी, पण अशा फ्रेममध्ये की जिथे वाचकाचे डोळे दुसऱ्याच गोष्टीवर आहेत. होडी जळते आहे, लोक धावताहेत, आणि कोपऱ्यात तोतयाचा हात दिसतो आहे. तिसऱ्यांदा ती मोठ्या फ्रेममध्ये, मधोमध मोडावी. दुसरी वेळ गाळली तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. तिसरी गाळली तर निम्म्या वाचकांना काही कळतच नाही.

आता दुसरी सूचना. शेवटच्या पानावर मुखवटा ओढायचा आणि गोष्ट संपवायची, हा या प्रकारातला सर्वांत दुबळा शेवट. तोतयाच्या गोष्टीत 'हा कोण' एवढाच प्रश्न नसतो. लोकांनी याला खरा का मानला, आणि खरा परत आल्यावर लोक त्याला काय म्हणणार, हे प्रश्न त्याहून मोठे असतात. बिंग शेवटच्या फ्रेममध्ये फुटले तर या दोन प्रश्नांना जागाच उरत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला कोकणातच घडलेला आहे आणि तो मुलांना जरूर सांगावा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते वाचले असतील, कुठेतरी असतील, ही आशा लोकांच्या मनातून गेली नाही. खुद्द त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. 'मीच भाऊ' म्हणणारा माणूस पुढे आला, पकडला गेला आणि रत्नागिरीच्या कैदेत पडला. १७७६ मध्ये तिथल्या अंमलदारानेच त्याला खरा धनी मानून मोकळे केले. बघता बघता फौज जमली आणि कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. पंधरा वर्षांनी त्याच्यामागे हजारो माणसे उभी राहिली. त्यांतल्या किती जणांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिले असेल? चेहरा जुळतो की नाही, हे बहुतेकांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. भाऊ परत यावेत असे त्यांना वाटत होते, एवढे पुरले.

मुलांनी यातून दोन गोष्टी उचलाव्यात. तोतया येण्यापूर्वी खरा नायक काही काळ गावात नसावा. आणि त्या काळात गावाची काहीतरी अडचण झालेली असावी, म्हणजे लोक त्याची वाट पाहत असतील. नायक सकाळी जेटीवर होता आणि दुपारी तोतया आला, अशा गोष्टीत कुणी फसले तर वाचक गावालाच मूर्ख ठरवतो.

अमेरिकेतल्या सुपरमॅनच्या कर्त्यांनीही रिकाम्या जागेचाच उपयोग केला. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या अंकात सुपरमॅन मारला गेला. काही महिने शोक चालला. मग १९९३ मध्ये त्याच्या जागी एकदम चौघे उभे राहिले. एक यंत्रमानवासारखा, एक थंड आणि निर्दय, एक पोरगेलासा, आणि एक पोलादी चिलखतातला. चौघांकडे मूळ नायकाचा एकेक अंश होता आणि पुरा नायक कुणाकडेच नव्हता. पोलादी चिलखतातल्याने तर आपण सुपरमॅन असल्याचा दावाही केला नाही, तरी लोकांना तोच त्याच्या सर्वांत जवळचा वाटला. अख्खा नायक नक्कल करायला न देता त्याचा एक अंश द्यावा, हे मुलांना सहज जमण्यासारखे आहे. तोतयाकडे नायकाचे बळ आहे पण धीर नाही, किंवा पोशाख आहे पण गावातल्या माणसांची नावे ठाऊक नाहीत.

वाचकाला कधी सांगायचे, याचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चोखाळलेले आहेत. जानेवारी १९६२ च्या फँटॅस्टिक फोरच्या दुसऱ्या अंकात चौघे नायक भर दिवसा गुन्हे करताना दिसतात. थोड्याच पानांत वाचकाला कळते की हे रूप पालटणारे परग्रहवासी स्क्रल आहेत. त्यानंतर सारी ओढ खऱ्या चौघांच्या फरफटीत आहे. वाचकाला सत्य ठाऊक आणि जगाला नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांना हा रस्ता वेगळा शिकवायला नको. दशावतारात मायावी रूप घेणारा राक्षस आधी प्रेक्षकांसमोर येऊन आपला बेत बोलून दाखवतो. मग तो रूप घेऊन राजाच्या घरात शिरतो, आणि मांडावर एका बाकड्यापलीकडे काही नसतानाही लोक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. कोण खोटा हे माहीत असल्यामुळेच ते बसून राहतात.

दुसरा रस्ता अवघड आहे. २०१२ च्या अखेरीस अमेझिंग स्पायडरमॅनच्या ६९८ व्या अंकात नायकाचा एक नेहमीचा, बरा चाललेला दिवस दिसतो. शेवटी कळते की त्या देहात पीटर पार्कर नाहीच, त्याचा जुना वैरी डॉक्टर ऑक्टोपस आहे. अंक पुन्हा पहिल्यापासून वाचला की तेच संवाद वेगळ्या अर्थाने लागू पडतात. वाक्य एकही खोटे नव्हते, वाचकाने अर्थ तेवढा चुकीचा घेतला होता. या रस्त्याने जाणाऱ्या मुलांसाठी एक नियम आम्ही अगदी पक्का मानतो. गोष्टीतली माणसे खोटे बोलू शकतात, पण फ्रेमच्या वरच्या पट्टीतले निवेदन खोटे बोलू शकत नाही. लोक त्याला नायकाच्या नावाने हाक मारोत, पट्टीत ते नाव लिहू नये. 'तो जेटीवर उतरला' एवढेच लिहावे. विचारांच्या फुग्यालाही हाच नियम लागू. तोतया एकटा असताना मनातल्या मनात खऱ्या नायकासारखा विचार करत असेल, तर ती वाचकाशी लबाडी आहे. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे तोतयाला विचारांचा फुगा द्यायचाच नाही. पहिल्या पानावर खऱ्या नायकाला तीन-चार द्यावेत आणि नंतर ते बंद व्हावेत. चाणाक्ष वाचकाला तेवढीही खूण पुरते.

शेवटच्या पानाच्या सूचनेविरुद्ध आणखी एक दाखला त्याच मालिकेतला. ऑक्टोपस त्या देहात नुसता लपून बसला नाही. २०१३-१४ मध्ये तब्बल ३१ अंक तोच नायक म्हणून वावरला. त्याने पीटरच्या नावावर डॉक्टरेट मिळवली, कंपनी काढली, माणसे जोडली आणि काही तोडली. पीटर परत आला तेव्हा हे सगळे त्याच्या गळ्यात पडले. ही पदवी माझी नाही, हे सांगायचे कुणाला? गावच्या गोष्टीतही हाच भाग सर्वांत रसाळ होईल. तोतयाने कुणाला तरी शब्द दिलेला असतो, कुणाच्या तरी होडीचे नुकसान केलेले असते, एखाद्या पोराला दुखावलेले असते. मुखवटा निघाला म्हणून त्या पोराचा राग जातो का? यासाठी निदान दोन पाने राखून ठेवायला हवीत.

म्हणून आठ पानांची मांडणी आम्ही अशी सुचवतो. पुरवणी घडी घालून पुस्तिकेसारखी निघणार असेल तर पहिले पान एकटे, मग २-३, ४-५, ६-७ समोरासमोर, आणि ८ मागे. पान उलटण्याची जागा १, ३, ५ आणि ७ नंतर येते. धक्का द्यायचा तो ४ किंवा ६ च्या पहिल्या फ्रेममध्ये. ५ किंवा ७ वर दिला तर शेजारचे पान वाचतानाच वाचकाचा डोळा तिकडे जातो आणि सगळे आधीच फुटते. तेव्हा पान १ वर खरा नायक, त्याच्या सवयी आणि त्याचे गावातून जाणे. २ आणि ३ वर गावाची अडचण, तोतयाचे येणे, पहिली मोडलेली खूण. ३ च्या शेवटच्या फ्रेममध्ये एखाद्या लहान मुलाचा प्रश्न. पान उलटताच ४ वर वाचकाला सत्य. ५ वर खरा परततो आणि गाव त्यालाच तोतया ठरवते. ६ वर गावाला सत्य. ७ आणि ८ वर त्याचे परिणाम. पानाला पाच-सहा फ्रेम धरल्या तर चाळीस-पंचेचाळीस फ्रेम होतात, आणि यापेक्षा जास्त माणसे-प्रसंग त्यात मावत नाहीत. दर रविवारी दोनदोन पाने क्रमशः छापणार असाल, तर मात्र ही मांडणी बदलते. तेव्हा धक्का ३ किंवा ५ च्या सुरुवातीला हवा. म्हणून छपाई पुस्तिकेची की क्रमशः, हे मुलांना आत्ताच कळायला हवे.

आता कोकणाबद्दल. नारळाची झाडे आणि दूरवर एक गलबत काढले की कोकण झाले, असे बऱ्याच चित्रांत दिसते. तोतयाच्या गोष्टीत किनारा हा देखावा राहू नये. पोशाख शिवून मिळतो, आवाजही काढता येतो, पण पाण्याची सवय अशी उसनी मिळत नाही. तोतयाला पकडायला इथली भरती-ओहोटी पुरेशी आहे.

किनाऱ्यावरच्या जाणत्यांचा ढोबळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दुपारी तशीच मध्यरात्रीही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीला पाणी खूप लांब जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि पाणी थोडेच चढते-उतरते. रत्नागिरी-मालवणपेक्षा अलिबागकडे हा फरक जास्त असतो.

यावर गोष्ट कशी उभी राहते ते पाहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. पहिल्या पानावर खरा नायक मुलांना थांबवतो, आकाशाकडे बघतो, बोटांवर तिथी मोजतो आणि मग चालायला लागतो. तो काही समजावून सांगत नाही. तिसऱ्या पानावर पौर्णिमेची मध्यरात्र आहे, चंद्र डोक्यावर आहे, आणि तोतया मुलांना म्हणतो, 'चला, चालतच जाऊ किल्ल्यात.' किनाऱ्यावरच्या वाचकाला तो पूर्ण गोल चंद्रच पुरे. शहरातल्या वाचकाला कळावे म्हणून चित्रात पाणी वर चढलेले दाखवावे. इथे हमखास एक चूक होते. चित्रकार तोतयाच्या म्हणण्याप्रमाणे कोरडी वाळू काढून मोकळा होतो. मग तोतया खोटा न ठरता चित्रच खोटे ठरते. तोतया काहीही म्हणो, समुद्र खराच काढला पाहिजे. चंद्राची कोर कुठल्या बाजूला आणि सूर्य कुठे, हेही तिथीशी जुळले पाहिजे. शुक्ल पक्षातली कोर संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे समुद्रावर दिसते. तीच कोर मध्यरात्री डोक्यावर काढली तर खूण आणि चूक यांतला फरक वाचकाला कळणार नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मुलांसाठी होडी आहे. उलांडीच्या होडीला तोल सांभाळणारा ओंडका एकाच बाजूला असतो. ज्या बाजूला उलांडी नाही त्या बाजूच्या काठावर एकदम सगळे वजन टाकले की ओंडका पाण्यातून उचलला जातो आणि होडी कलते. खरा नायक पहिल्या पानावर सावकाश, वजन मधे ठेवून चढतो. तोतया रुबाबात उलट्या बाजूच्या काठावर उडी मारतो आणि तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, दांडा घट्ट धरतो. संवाद नकोच, तांडेलाचा चेहरा पुरे. मात्र उलांडी प्रत्येक फ्रेममध्ये होडीच्या त्याच बाजूला यायला हवी. सिंधुदुर्ग किल्ल्याचे महाद्वार तटाच्या वळणात असे बांधले आहे, की बाहेरून सहज दिसत नाही. होडीतून जाणारा तोतया तटाकडे बघत राहतो, ही आणखी एक बोलकी फ्रेम. बोलीभाषेवर मात्र सगळी गोष्ट बेतू नये. मालवणीतली चूक देवगडच्या पोराला चटकन कळेल, पण मुरूडच्या पोराला ती चूक आहे हे समजायला आणखी एक फुगा खर्च होईल.

एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. तोतया पकडला जातो तो पहिल्या पानावर दाखवलेल्या नायकाशी जुळत नाही म्हणून, बाहेरगावचा आहे म्हणून नव्हे. आपल्या बंदरांतल्या बोटींवर परप्रांतांतले आणि नेपाळचे खलाशी वर्षानुवर्षे काम करतात आणि त्यांना भरती-ओहोटी आपल्या शहरात शिकणाऱ्या मुलांपेक्षा चांगली कळते. 'परका म्हणजे लबाड' असा अर्थ निघणारी गोष्ट परीक्षकांनी नाकारावी. उलट, असाच एखादा खलाशी पहिल्यांदा तोतयाला ओळखतो, ही गोष्ट जास्त खरी होईल.

काढण्याच्या बाबतीत थोडे. तोतयाच्या गोष्टीत सर्वांत जास्त घात होतो तो चित्रकाराच्या विसरण्यामुळे. खऱ्या नायकाचा पट्टा एका फ्रेममध्ये रुंद, दुसरीत अरुंद, वेणी कधी डावीकडे कधी उजवीकडे असेल तर मुद्दाम केलेला बदल त्यात हरवतो. म्हणून पहिले पान काढण्याआधी एका वेगळ्या कागदावर नायक समोरून, बाजूने, पाठीमागून काढावा, आणि दोन्ही हात मोठे करून काढावेत. तो कागद भिंतीला लावून ठेवावा. तोतया काढताना नवे चित्र न काढता खऱ्याचेच चित्र खिडकीच्या काचेवर धरून गिरवावे आणि ठरवलेली एकच खूण बदलावी. गिरवताना कागद उलटा झाला तर डावे-उजवे पालटते, आणि अंगठी किंवा उलांडीची खूण तिथेच मरते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोतही अक्षरे आणि हात उलटे होऊ शकतात. म्हणून फोटोवरून प्रवेशिका घेऊ नयेत. मूळ कागद मागवावेत, नाहीतर दुकानातून स्कॅन करून आणायला सांगावे. काळ्या रेषेसाठी स्कॅन ६०० डीपीआयवर.

कागद ए-थ्री आकाराचा घ्यावा आणि छपाई ए-फोरवर, म्हणजे चित्र सुमारे ७० टक्क्यांवर येते. ०.५ मिलिमीटरच्या पेनाची रेघ ०.३५ होते, ती टिकते. ०.१ च्या पेनाची रेघ वर्तमानपत्राच्या कागदावर तुटते, म्हणून खूण त्या पेनाने काढू नये. अक्षर निदान चार मिलिमीटर उंच हवे. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. आधी फुगा काढून त्यात अक्षरे कोंबली की खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात. आधी मजकूर लिहावा आणि मग त्याभोवती फुगा काढावा. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांहून जास्त नकोत. पकडला गेलेला तोतया आपला सगळा कट एका मोठ्या फुग्यात सांगतो, ही तर या गोष्टींतली जुनी खोड आहे. मुलांनी ती मोडावी.

रंग भरण्याआधी प्रत्येकाने एक चाचणी जरूर करावी. पाने ७० टक्क्यांवर काळी-पांढरी झेरॉक्स करावीत आणि गोष्ट माहीत नसलेल्या मित्राच्या हातात द्यावीत. खोटा कोणत्या फ्रेमपासून आहे, एवढेच विचारावे. त्याने चौथ्या पानापर्यंत ओळखले आणि मागे जाऊन खूण दाखवली, तर गोष्ट जमली. पहिल्याच फ्रेममध्ये ओळखले तर खूण मोठी झाली. सांगूनही दिसली नाही, तर ती छापूनही दिसणार नाही.

आपल्याकडून आम्हाला चार बदल हवे आहेत. रंगातल्या फरकाची सूचना काढून, खूण काळ्या रेषेत असावी असे छापावे. बिंग शेवटच्या पानावर फोडण्याची अट काढावी. प्रत्येक प्रवेशिकेसोबत बंद पाकिटात एक चिठ्ठी मागवावी. तिच्यात खुणा कोणत्या पानावर, कोणत्या फ्रेममध्ये आहेत ते लिहिलेले असावे, आणि परीक्षकांनी गोष्ट आधी वाचून मगच पाकीट उघडावे. आणि चौथा बदल तारखेचा. भर पावसाळ्यात आमच्याकडे कार्ट्रिज कागद ओल धरतो. शाईची रेघ तंतूंतून पसरते, पोस्टर रंग सुकत नाहीत आणि एकावर एक ठेवलेली पाने चिकटतात. ए-थ्रीची आठ पाने त्या दिवसांत सपाट ठेवणेसुद्धा कठीण असते. शेवटची तारीख गणपतीनंतर ठेवावी. त्या सुट्टीत घरी आलेल्या काका-मामांकडून मुलांना होडीची आणि भरतीची माहितीही विचारून घेता येईल.

आपले,
सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील काही चित्रकथा वाचक व रेखाटनकार